बघणारे आणि बघितले जाणारे



बरेच दिवस मनात घोळत होतं, ते आज लिहायला घेतलंय. निमित्त तसं जुनंच आहे. २०२२च्या फेब्रुवारीत मी दुबईला मुलाकडे होते आणि तेव्हा तिथे एक्स्पो, म्हणजे जागतिक प्रदर्शन चालू होतं. नाव ‘एक्स्पो २०२०’, पण कोरोनामुळे ते भरलं १ ऑक्टोबर २०२१ ते ३१ मार्च २०२२ या काळात. साठीच्या वरच्यांना प्रवेश फुकट! म्हातारपणाचा इतका रोख फायदा मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. मी तीनदा जाऊन आले.

१९२ देशांनी त्यात भाग घेतला होता. आता खरं सांगू का? दालनांमधलं मला फारसं काही आठवत नाही. पडदे, दिवे, आकडे, भविष्यकाळ कसा छान असणार आहे याच्या फिल्मा... एका दालनातून बाहेर पडून दुसऱ्यात जाईपर्यंत पहिलं विसरलेलं असायचं. लक्षात राहिलं ते सगळं रस्त्यावरचं. अल वस्ल नावाच्या चौकावरचा तो अवाढव्य घुमट, १३० मीटर रुंद आणि ६७ मीटरच्या वर उंच, ज्याच्या आतल्या बाजूवर रात्री चित्रं हलायची. ते धबधबे, ज्यांचं पाणी उंच भिंतींवरून खाली धावत यायचं आणि रात्री वर चढतंय असं वाटायचं. लहान मुलं कपड्यांसकट त्यात शिरायची आणि आया ओरडत राहायच्या. आणि सर्वात जास्त लक्षात राहिले ते रस्त्यातून ढोल वाजवत, नाचत जाणारे लोक. ढोल ऐकला की मराठी माणूस घरात बसत नाही, तसंच माझं झालं. गुडघे विसरून मी त्यांच्या मागे चालत गेले.

अशाच एका संध्याकाळी दमून एका पायरीवर टेकले होते. डब्यातली तिखटमिठाची पुरी काढली आणि खात बसले. साधी इरकली साडी, कपाळावर कुंकू, पायांत स्पोर्ट्स शूज (सुनेचा हट्ट). समोरून एक गोरं जोडपं आलं. बाई थबकल्या, फोन वर केला, माझा फोटो काढला, गोड हसल्या आणि निघून गेल्या. तोंडात पुरीचा घास तसाच राहिला माझ्या.

नातू म्हणाला, "आजी, तू पण एक्स्पोमधली वस्तू झालीस की!"

सगळे हसले, मीही हसले. पण परतताना गाडीत ते वाक्य टोचत राहिलं. आधी त्या बाईंचा राग आला. विचारायला काय झालं होतं? ‘काढा की’ म्हटलं असतं, पदर नीट करून बसले असते. आणि मग आठवलं, की पंधराच मिनिटांपूर्वी मी स्वतः काय केलं होतं. त्या ढोलवाल्यांपैकी एक मुलगा वाजवणं संपवून बाजूला उभा राहून पाणी पीत होता. घामाने निथळत होता. मी त्याच्या तोंडासमोर फोन धरला होता. त्याने मान फिरवली, तरीही काढलाच होता फोटो. तो अजून माझ्याकडे आहे. घटाघट पाणी पिणारा, मान वळवलेला एक मुलगा. कुठल्या देशाचा, तेसुद्धा मला माहीत नाही.

घरी परत आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचत गेले. आणि एका ठिकाणी मला जरा शरमच वाटली, कारण तो भाग माझ्या विषयाचा होता.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. विवेकानंदांचा शिकागोचा प्रसंग किती वेळा शिकवला याची गणतीच नाही. ११ सप्टेंबर १८९३, सर्वधर्म परिषद, ते संबोधन, तो टाळ्यांचा कडकडाट. मुलांच्या अंगावर काटा यायचा, माझ्याही. याच परिषदेत आपल्या मुंबईचे बी. बी. नगरकर आणि जैन धर्माचे वीरचंद गांधी हेही बोलले होते, हे मात्र मी क्वचितच सांगितलं. आणि ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ही परिषद भरली, त्या प्रदर्शनाच्या रस्त्यावर त्याच दिवशी काय चाललं होतं, हे एकदाही सांगितलं नाही. कारण मलाच ते माहीत नव्हतं!

कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून शिकागोने हे प्रदर्शन भरवलं होतं. मुख्य भागात पांढरेशुभ्र राजवाडे. दगडाचे वाटत, पण होते गिलाव्याचे. आणि त्याला जोडून सुमारे एक मैल लांबीचा रुंद पट्टा, मिडवे प्लेझन्स. परिषदेच्या सभागृहापासून हे सगळं दहा-अकरा किलोमीटरवर. पांढऱ्या राजवाड्यांत विद्या, विज्ञान आणि यंत्रं. मिडवेवर करमणूक. जगातला पहिला फेरिसचा आकाशपाळणा इथेच उभा राहिला, २६४ फूट उंच. छत्तीस डबे आणि एकेका डब्यात साठ माणसं! ‘कैरोचा रस्ता’ म्हणून एक अख्खा बाजार वसवला होता, त्यातून लग्नाच्या वराती निघत, उंटावर बसता येई, नाच चालत. मिडवेच्या करमणुकीची व्यवस्था सोल ब्लूम नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराकडे होती. (हाच ब्लूम पुढे अमेरिकेच्या संसदेत गेला आणि १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर अमेरिकेतर्फे सही करणाऱ्यांत होता. आयुष्य कुठून कुठे नेतं बघा!)

इथपर्यंत सगळं आपल्या जत्रेसारखंच. पण मिडवेवर ‘गावं’ही होती. जावाचं गाव, सामोआचं, लॅपलँडचं, आफ्रिकेतल्या डाहोमीचं म्हणजे आजच्या बेनिनचं. त्यांत खरी माणसं राहायची. तिकीट काढून लोक त्यांना नाचताना, रांधताना, नुसतं बसलेलं असताना बघायचे. आणि हा सगळा मिडवे कागदोपत्री कुठल्या खात्यात होता? मानववंशशास्त्राच्या! म्हणजे बघणाऱ्याला आपण तमाशा बघतोय असं न वाटता अभ्यास करतोय असं वाटण्याची सोय.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळून येऊन मोठा वक्ता झालेला म्हातारा तेव्हा याच प्रदर्शनात हैती देशाच्या दालनाचा प्रतिनिधी होता. आयडा वेल्स या तरुण पत्रकार बाईंनी काढलेल्या पुस्तिकेत त्याने लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या माणसाने तीस वर्षांत शिकून-सवरून जे मिळवलं त्याला इथे जागा दिली नाही, आणि डाहोमीची माणसं मात्र रानटी म्हणून दाखवायला आणली, असा त्याचा सवाल होता. ज्या शहरात आपला एक तरुण संन्यासी पूर्वेची मान उंच करत होता, तिथेच हे चाललं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं. मी मुलांना अर्धंच शिकवलं.

पण मंडळी, ‘बिचारे’ म्हणून हळहळून थांबायचं नाहीये मला. कारण पुढे वाचताना कळलं, की ही माणसं काही मुकी नव्हती.

लॅब्राडोरहून इनुइट लोकांना आणलं होतं (तेव्हा त्यांना एस्किमो म्हणत). उन्हाळा सुरू झाला तरी मालकांचा आग्रह, की केसाळ कातड्याचे कपडे घालूनच वावरायचं, नाहीतर लोकांना एस्किमो वाटणार कसे? कंत्राटात ठरलेलंही नीट पाळलं जात नव्हतं. या लोकांनी कपडे घालायला नकार दिला, प्रकरण कोर्टात नेलं आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बाहेर पडून प्रदर्शनाच्या कुंपणाबाहेर स्वतःचं गाव थाटलं, स्वतःच्या हिशोबावर. खेळ तोच, पण गल्ला आता त्यांचा!

आणि दुसरा जेरोनिमो. अपाची लोकांचा तो लढवय्या पुढारी १८८६ साली शरण आला आणि १९०९ साली मेला तोवर अमेरिकेचा युद्धकैदीच राहिला. १९०४च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला पहाऱ्यात आणून ठेवलं होतं, लोकांनी बघावं म्हणून. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. या म्हाताऱ्याने काय करावं? आपले फोटो विकले. पंचवीस सेंटच्या फोटोमागे दहा सेंट त्याचे. सही हवी असेल तर तिचे पैसे वेगळे, आणि ते सगळे त्याचे! १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनात त्याने हा हिशोब स्वतः सांगितलाय.

त्याच आत्मकथनात त्याने त्या प्रदर्शनात काय काय *पाहिलं* तेही सांगितलंय, आणि ते मला सर्वात आवडलं. लाल टोप्यांच्या तुर्कांची तलवारबाजी त्याने पाहिली. टोपलीत बाई बसवून आरपार तलवार खुपसणारा जादूगार पाहिला, आणि ती जिवंत बाहेर आलेली पाहून चकित झाला. पहारेकऱ्यांबरोबर आकाशपाळण्यात बसला. (शिकागोचा तोच पाळणा तिथे नेऊन उभा केला होता.) इतकंच काय, फिलिपीन्सहून आणलेल्या इगोरोत लोकांचे तोकडे कपडे पाहून यांना असं येऊ द्यायला नको होतं, असा शेराही त्याने मारलाय! म्हणजे ज्याला बघायला गर्दी, तोच गर्दीत उभा राहून सगळ्यांना बघत होता, आणि आपण सगळे करतो तीच चूकही करत होता. आणि गोऱ्या लोकांबद्दल आपण तिथे बरंच काही शिकलो, असंही त्याने सांगून ठेवलंय.

याच सेंट लुईसला अकराशेच्या वर फिलिपिनो माणसं आणून ठेवली होती. आणि त्याच ऑगस्टमध्ये एक वेगळाच प्रकार झाला, तो शिक्षक म्हणून मला सर्वात जास्त लागला. प्रदर्शनात राहणाऱ्या निरनिराळ्या जमातींच्या माणसांच्या दोन दिवस शर्यती लावल्या. धावणं, गोळाफेक, भालाफेक. त्यांतले बरेच खेळ त्यांनी पूर्वी कधी पाहिलेले नव्हते, सराव तर दूरच. मग त्यांचे निकाल गोऱ्या खेळाडूंच्या निकालांशेजारी ठेवून दाखवले, की बघा, हे कसे मागे आहेत! न शिकवता परीक्षा घ्यायची आणि नापास झाला म्हणून ‘ढ’ ठरवायचं. शाळेतही असे महाभाग भेटतात, पण इथे आख्ख्या जमातीच नापास केल्या.

हे सगळं फार जुनं, असं म्हणाल तर १९५८चं ब्रुसेल्स घ्या. मी तेव्हा पाळण्यात असेन. तिथल्या जागतिक प्रदर्शनात बेल्जियमने काँगोचं गाव मांडलं होतं. बघायला येणारे लोक कुंपणावरून आतल्या माणसांकडे केळी फेकायचे. त्या काँगोच्या लोकांनी अखेर गाव सोडलं आणि ते मायदेशी परतले. पुढच्या दोन वर्षांत त्यांचा देशही स्वतंत्र झाला.

आता मुलाचं म्हणणं सांगते, कारण तोही हे वाचणार आहे! तो म्हणाला, "आई, तू उगाच मनाला लावून घेतेस. दुबईतल्या त्या कलाकारांना पगार होता, राहायची सोय होती, ते त्यांचं काम आहे. केळी फेकणं कुठे आणि फोटो काढणं कुठे?"

बरोबर आहे त्याचं. दोन्ही एक नाही, हे मलाही कळतं. पण नुसता पगार पुरे, हे काही मला पटत नाही. लॅब्राडोरच्या लोकांशीही करार होता. जेरोनिमोलाही पैसे मिळत होते. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. खेळ संपला की त्या माणसाला खेळातून बाहेर पडता येतं का? ‘आज नाही’ म्हणता येतं का? त्याला आपल्याकडे बघायची, आपल्याशी बोलायची मुभा आहे का? कलाकार नाचतो तेव्हा त्याने आपली कला पुढे केलेली असते, ती खुशाल डोळे भरून बघावी. पाणी पिणारा घामाघूम माणूस त्या खेळात नसतो. त्या कुंपणाआडच्या गावांमध्ये मुख्य वाईट हेच होतं, की तिथे जेवणं, झोपणं, लेकराला पाजणं, सगळंच खेळ ठरवलं होतं. माणसाला सुट्टीच नव्हती.

आणि एवढं सगळं परक्यांबद्दल लिहिल्यावर आपल्या अंगणातलंही लिहायला हवं, नाहीतर ते खोटं होईल.

मी नोकरीला लागले त्या तालुक्याच्या गावी डोंबाऱ्याचा खेळ यायचा. एक वर्ष शाळेच्या मैदानाच्या कडेलाच त्यांनी बांबू रोवले. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या शिक्षकांनी मुलांना कडेनं ओळीत बसवून तो दाखवला. दोरीवर चालणारी मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल, म्हणजे माझ्या तिसरीच्या वर्गातल्या मुलींएवढी. हातात आडवी काठी. खेळ झाल्यावर आम्ही पाच-दहा पैसे गोळा करून दिले आणि घंटा झाली. माझ्या मुली रांगेने वर्गात गेल्या. ती मुलगी दोरी गुंडाळत होती आणि वर्गाच्या दाराकडे बघत होती. मी ते पाहिलं. आणि आत जाऊन फळ्यावर तारीख लिहिली.

तिला आत बोलवावं, एक दिवस तरी बसवावं, हे मला सुचलं नाही. सुचलं नाही असं म्हणतेय खरी... कदाचित सुचलंही असेल, आणि पटावर नाव नाही, उद्या हे लोक निघून जाणार, असं काहीतरी स्वतःला सांगून सोडून दिलं असेल. इतक्या वर्षांनी खरंच सांगता येत नाही. पण सेंट लुईसच्या शर्यतींबद्दल वाचताना माझ्यासमोर तीच मुलगी आली.

आपला कायदाही गमतीचा आहे. १९५९चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा रस्त्यावर गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागण्यालाही भीकच धरतो. हाच कायदा दिल्लीलाही लागू केला होता. आणि १९८५ साली अमेरिकेतल्या भारत महोत्सवासाठी वॉशिंग्टनच्या भल्यामोठ्या हिरवळीवर ‘मेला’ भरवला (ते जागतिक प्रदर्शन नव्हतं, पण उघड्यावरची मोठी जत्राच), तेव्हा राजीव सेठींनी दिल्लीच्या वस्तीतले कठपुतळीवाले, जादूगार, कसरती करणारे तिकडे नेले. तिथे ते देशाचे कलाकार, आणि इथे घरी परतून त्याच खेळासाठी चौकात उभे राहिले तर कायद्याने भिकारी! दिल्लीत त्या कायद्याची मुख्य कलमं उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. पण कायद्याचं सोडा. आपल्या दारात वासुदेव आला की आपण त्याच्याशी काय बोलतो, किंवा बोलतो तरी का, हे ज्याचं त्याने आठवून बघावं.

हल्ली या प्रदर्शनांमध्ये माणसांपेक्षा दिव्यांचे आणि ड्रोनचे खेळ वाढत चाललेत. दुबईचा तो घुमट झाला, २०२५च्या ओसाकाच्या एक्स्पोतले पाण्यावरचे आणि आकाशातले खेळ झाले. मी नातवाच्या मोबाईलवर ते पाहिले. सुंदर होते, प्रश्नच नाही. कुणी म्हणेल, हे बरंच झालं, यात कुणाचा अपमान व्हायची भीती नाही. मला मात्र हा उपाय वाटत नाही. माणूस बघताना आपल्या हातून चूक होते म्हणून माणूस बघणंच सोडायचं का? त्या ढोलाच्या मागे मी गुडघे विसरून चालत गेले, ती काही दिव्यांच्या मागे गेले नसते. जगभरची माणसं एका रस्त्यावर समोरासमोर येतात, नाचतात, वाजवतात, हेच तर जागतिक प्रदर्शनात खरं बघण्यासारखं असतं. बाकीचं सगळं आता घरबसल्या पडद्यावर दिसतं. माणसं हवीतच. फक्त आपण प्रेक्षकांनी जरा शिकायला हवं. फोटो काढण्याआधी नजरेनं तरी विचारावं. मान फिरवली तर फोन खाली घ्यावा. टाळ्या वाजवाव्यात, पैसे द्यायचे असतील तर हातात द्यावेत, फेकू नयेत. आणि जमलं तर नाव विचारावं.

दुबईच्या तिसऱ्या खेपेला मी त्या ढोलवाल्या मुलाला शोधलं. म्हटलं, नाव तरी विचारू, आणि फोटो दाखवून ठेवू का पुसू तेही विचारू. मिळाला नाही. त्या दिवशी दुसरंच पथक होतं. एकीकडे वाटतं, फोटो पुसून टाकावा. दुसरीकडे वाटतं, असू दे, माझी चूक म्हणून. अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

आणि त्या गोऱ्या बाईंच्या फोनमध्ये, जगात कुठेतरी, पुरी खाणारी मी आहेच. माझं नाव काही त्यांना माहीत नाही.

असो. फार लांबलं आज. तुमच्यापैकी कुणी असं प्रदर्शन, जत्रा, रस्त्यावरचा खेळ पाहिला असेल, किंवा कुणी स्वतः गर्दीसमोर खेळ केला असेल, तर जरूर लिहा. खेळ करणाऱ्यांचं ऐकायला मला जास्त आवडेल.